लोखंडाचे लाड

रत्नागिरीत लोखंड विकत घ्यायला पैसे लागतात आणि ते लोखंडच राहावं म्हणून पुढचा सगळा जन्म लागतो. समुद्राची खारी हवा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पाऊस नसेल तेव्हा घाम. दिवाळीला गेट रंगवावं, तर शिमग्याची पालखी दारात येईपर्यंत बिजागरीपाशी तपकिरी फोड धरलेले असतात. खिडकीचे गज, विळीचं पातं, छत्रीच्या काड्या, सायकलची चेन, जे म्हणून लोखंडाचं आहे ते इथे आपापल्या वेगानं मातीकडे परत निघालेलं असतं. असल्या गावात शहाणा माणूस लोखंडाच्या वाटेला जात नाही. मी निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये पोलादी वर्कबेंच बसवायचं ठरवलं.

गॅरेज म्हणजे घर बांधताना ‘पुढेमागे गाडी येईल’ म्हणून सोडलेली जागा. गाडी आली, पण ती अंगणात फणसाखाली उभी असते, कारण गॅरेजमध्ये आंब्याच्या रिकाम्या पेट्या, मुलांचा पाळणा आणि कधीतरी दुरुस्त होणार असलेले पंखे आधीपासून राहत होते. गॅरेजला तीन भिंती आहेत. चौथ्या बाजूचं शटर गंजून अर्ध्यावर अडकलंय. ते वर जात नाही आणि खालीही येत नाही. हे शटर रोज डोळ्यांसमोर असूनही मला पोलादाचीच इच्छा व्हावी, याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटलं.

हत्यारांचा मला पहिल्यापासून नाद आहे. वापरण्याचा नव्हे, घेण्याचा. पाने, पकडी, कानशी, ड्रिल, एक भला थोरला व्हाइस. व्हाइसला बसायला घट्ट जागा पाहिजे, आणि जागा करायची तर कच्ची का करा? वेल्डरकडे जाऊन मी सांगितलं, पाच फूट बाय अडीच फूट, वर सहा मिलिमीटरची प्लेट, खाली चौकोनी पाइपचे पाय.

“साहेब, यावर करणार काय? लाँचचं इंजिन उतरवणार?”

“छे हो. किरकोळ. खुर्चीचा पाय, मिक्सरचं झाकण...”

“झाकणाला सहा एमएम?”

“मजबूत पाहिजे,” मी म्हटलं. काय करायचं ते ठरलेलं नसलं की माणूस मजबुतीवर भर देतो.

एक चौरस मीटर लोखंडी पत्रा एक मिलिमीटर जाड असेल, तर त्याचं वजन 7.85 किलो भरतं. हा हिशेब मला इंजिनिअर पुतण्यानं फोनवर सांगितला, पण बेंच टेम्पोतून उतरवून झाल्यावर. नुसती वरची प्लेटच 55 किलोंच्या घरात होती. उतरवणाऱ्यांपैकी एक जण कमरेला हात लावून खाली बसला आणि त्यानं विचारलं, “पूल कुठे बांधताय?”

एप्रिलचा वायदा असल्यामुळे बेंच मृग नक्षत्रावर आलं. पण काय देखणं होतं! निळसर काळी झाक, बोट फिरवावं तर गुळगुळीत. मी म्हटलं, रंग लावायलाच नको, हाच राहू दे. पुतण्यानं फोनवर फोटो बघितला आणि त्याचा आवाज बदलला. “काका, तो रंग नाही. ते स्केल आहे.” गरम लोखंड लाटताना त्यावर ऑक्साइडची जी खपली धरते, ती ही. दिसायला चिलखत, पण तिला बारीक चिरा जातात, चिरांतून ओल आत शिरते, आणि मग खपली वर शाबूत राहून खालचं लोखंड आधी खाल्लं जातं. तिच्यावर रंग लावला तर पुढे खपलीसकट रंग सुटतो. “सगळी घासून काढा,” पुतण्या म्हणाला. तो पुण्यात होता. घासायला मी होतो.

नवा जावई पहिल्यांदा घरी आल्यासारखं झालं. गल्लीतलं प्रत्येक जण बेंच बघायला आलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली, आणि त्याची बडदास्त कशी ठेवायची हे मला सांगून गेलं. शेजारचे अण्णा सरकारी खात्यात पुलांवर होते. ते म्हणाले, “रेड ऑक्साइडचे दोन हात, वर एनॅमल, विषय संपला.” पलीकडच्या काकूंनी आमसुलाच्या पाण्याचा उपाय सांगितला, कारण त्यांच्या घरची समई त्यानं लखलखते. समई पितळेची आहे हे मी निदर्शनास आणलं. “धातूच ना?” काकू म्हणाल्या. माझे मेहुणे पावडर कोटिंगशिवाय खाली यायला तयार नव्हते. त्यात विजेच्या भारानं पावडर लोखंडाला चिकटवतात आणि मग सगळी वस्तू 180 ते 200 अंशांच्या भट्टीत भाजून काढतात. तेवढ्या भट्टीत मावायचं तर बेंच आधी कापावं लागलं असतं. “कापा की. परत जोडता येतं,” मेहुणे म्हणाले. दुसऱ्याच्या बेंचबद्दल ते नेहमीच धाडसी.

जन्मभर व्यापारी जहाजांवर बोसन म्हणून काढलेले एक चाचा आमच्या मागच्या आळीत राहतात. त्यांनी बेंचला हातसुद्धा लावला नाही, नुसते बघून हसले. “आम्ही डेकवर काय करायचो? गंज ठोकायचा, रंग लावायचा. या टोकानं सुरुवात केली, त्या टोकाला पोचलो, मागं वळून बघितलं की हे टोक लाल. तुम्ही रिटायर झालात ना? मग चांगला टाइमपास आहे.” एवढ्या सगळ्यांत खरं बोललेला हा एकच माणूस, म्हणून त्यांचं मी अजिबात मनावर घेतलं नाही.

ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून मी स्केल काढायला बसलो. तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, अंगात मुलाचा जुना रेनकोट. आधी ठिणग्या, मग काळी भुकटी, मग शेजारच्या वाळत घातलेल्या धोतरावर काळी भुकटी, मग अण्णा. संध्याकाळपर्यंत प्लेट चांदीची झाली. त्या चांदीत मला माझा चेहरा दिसला, मला तो बरा वाटला, आणि मी कौतुकानं प्लेटवर हात टेकून उभा राहिलो. सकाळी बघतो तर प्लेटभर तांबूस साय, आणि मधोमध त्याहून गडद असा एक पंजा. घामातल्या मिठानं रातोरात काम चोख बजावलं होतं. पाच बोटं, तळहाताच्या रेषा, अनामिकेला अंगठीची रिकामी कड. घरात अंगठी घालणारं कोण, याचा तपास करायची गरज नव्हती; हिनं तरी तो केला. “आयुष्यरेषा चांगली लांब आहे,” ती म्हणाली, “बेंच रंगवून होईल बहुतेक.”

पुन्हा घासलं. थिनरनं पुसलं. तेवढ्यात मेहुणे आले. त्यांच्या खिशात कायम डब्ल्यूडी-40 चा डबा असतो. 1953 साली अमेरिकेत अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला हे औषध काढलं, चाळिसाव्या खेपेला जमलं म्हणून नावात 40, हे ते कुठल्याही समारंभात सांगतात. मी हात धुवायला गेलो होतो तेवढ्यात त्यांनी प्रेमानं सगळ्या प्लेटवर फवारा मारला. “रंग लावेपर्यंत राहू दे. क्षेपणास्त्राला चालतं.” क्षेपणास्त्राला एनॅमल लावायचं नसतं. तेलकट लोखंडावर रंग धरत नाही, म्हणून परत थिनर. थिनरच्या वासानं मला आणि मेहुण्यांना एकाच वेळी गरगरलं, आणि त्या दिवशी प्रथमच आमचं कशावर तरी एकमत झालं.

मग पुतण्यानं नियम सांगितला. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर लोखंड रंगवायचं नाही, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर पाहिजे. मी आर्द्रता मोजायचं मीटर आणून भिंतीला टांगलं. बाहेर आभाळ फाटलेलं. काटा 90 च्या आसपास जाऊन बसला तो उठेचना. मी तासातासानं जाऊन त्याला टिचकी मारायचो. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर नियमात बसणारा दिवस शोधायचा, तर लोखंडानं श्रावण, भाद्रपद उघडंच काढायचं. “मग तोवर तेल लावून ठेवा,” असं आमच्या क्रिकेट खेळणाऱ्या मित्रानं सुचवलं. बॅटीला अळशीचं तेल लावतात, लोखंडालाही चालतं, सुकून त्याचा पातळ पडदा धरतो. त्यानं बॅटीला लावून उरलेली बाटलीही दिली.

हे तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. तेलात भिजलेली चिंधी बोळा करून टाकली तर ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकते. हे मी जेवताना सहज सांगितलं. ही ताटावरून उठली, गॅरेजच्या कोपऱ्यातले माझे सगळे बोळे बादलीत बुडवले, मग एकेक पिळून अंगणातल्या दोरीवर पसरून टाकले. तिथे माझ्या दोन बनियनींची ओळख पटली. “घर जळालं तरी बेंच राहील, नाही का?” तिनं विचारलं. प्रश्न खोचक होता, पण उत्तर ‘हो’ असंच होतं.

त्या पावसाळ्यात अण्णांनी रोज येऊन मला दिल्लीचा लोहस्तंभ ऐकवला. सोळाशे वर्षं! मेहरौलीला उघड्यावर! सात मीटरच्या वर उंच, सहा टनांहून जड, आणि गंज नाही! “आपल्या लोकांनी काय लावलं असेल हो?” काहीच लावलं नव्हतं. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे त्याच्यावर आपोआप एक पातळ थर धरला आणि तोच त्याला राखतो. शिवाय दिल्लीची हवा कोरडी. हे पुतण्याकडून कळल्यावर अण्णा दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मग बेंच दिल्लीला पाठवा.” मला मात्र त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त भावला. खांबाला पाठ लावून मागून हाताला हात भिडवला की भाग्य उजळतं, अशी समजूत पसरली आणि लोकांनी मिठ्या मारमारून खांब घासला; शेवटी 1997 साली त्याच्याभोवती कुंपण घालावं लागलं. सोळाशे वर्षं पावसाला दाद न देणारं लोखंड अखेर भेटायला येणाऱ्यांपुढे टेकीला आलं. मी त्याच दिवशी बेंचभोवती नारळाची सुंभं बांधली.

ऑक्टोबरच्या उन्हात मीटर खाली आलं. पुतण्याच्या आग्रहाखातर इपॉक्सी आणलं होतं. दोन डबे, एकातलं दुसऱ्यात मिसळलं की घड्याळ सुरू. मी मिसळलं, आणि तेवढ्यात अण्णा आले. ते रंगाच्या छटेवर बोलले, मी ऐकून घेतलं, आणि माझ्या हातातला डबा गरम लागायला लागला. आधी कोमट, मग धरवेना. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते मिश्रण अण्णांच्या वाक्यापेक्षा लवकर पूर्ण झालं. ब्रश डब्यात उभा राहिला. तो अजून उभा आहे. हिनं तो देवघराच्या बाहेर उदबत्तीच्या घरासारखा वापरायला घेतलाय, आणि वापरायला घेतलेली माझी ही बहुधा एकमेव वस्तू.

नाइलाजानं रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, “वस्तू आतली की बाहेरची?” शटर अर्ध्यावर असल्यामुळे बेंचही अर्धं आत होतं. हे ऐकून त्यानं गल्ल्यावरच्या मुलाला म्हटलं, “यांना रेड ऑक्साइड दे.” म्हणजे अखेर अण्णांचंच झालं. पुढे अण्णा वर्षभर त्याच आनंदात होते. गंमत अशी की रेड ऑक्साइडमधला लाल रंग हा लोखंडाचाच ऑक्साइड असतो. गंजाचा हा सख्खा चुलतभाऊ. इतके महिने घासून घासून जो तांबडेपणा काढला, तोच पैसे मोजून डब्यातून आणला आणि ब्रशनं लावला. ही दारात उभी राहून बघत होती. “आधी होतं तसंच दिसतंय,” ती म्हणाली. “तो फुकट होता ना, म्हणून काढला का?”

वर राखाडी एनॅमल. राखाडी की हिरवा यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही. मुलीनं अमेरिकेहून मत नोंदवलं एवढं सांगितलं तरी पुरे. रंग वाळला. बेंच असं काही चमकायला लागलं की त्याच्यावर हातोडी ठेवणं मला हिंसा वाटू लागली. मी व्हाइस बसवायचं पुढे ढकललं, कारण त्यासाठी प्लेटला चार भोकं पाडावी लागली असती आणि भोकांच्या कडा उघड्या पडल्या असत्या. ड्रिल ठेवायला खाली एक स्टूल आणलं. रंगावर ओरखडे नकोत म्हणून रबराची मॅट टाकली. मॅटखाली ओल कोंडून गंज धरतो असं पुतण्या म्हणाला, म्हणून मॅट काढून प्लायवूड ठेवलं, त्याच्या खाली फेल्टचे गोल तुकडे चिकटवून. प्लायवूड चांगल्या प्रतीचं निघालं; त्याच्यावर डाग पडायला नकोत म्हणून वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रं उडतात म्हणून जुनी चादर. चादरीवर धूळ बसते म्हणून प्लास्टिक. या देशात टीव्हीचा रिमोट खोळीत मरतो आणि गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक गाडी विकताना निघतं. मी काही वेगळं करत होतो असं मला वाटलं नाही.

मध्यंतरी गेटाची बिजागरी जोडून घ्यायला वेल्डरकडे गेलो. तिथे त्याचं स्वतःचं टेबल प्रथमच नीट पाहिलं. रस्त्याच्या कडेला, वर पत्रासुद्धा नाही. रंग औषधालाही नाही. वेल्डिंगचे थेंब, ग्राइंडरच्या खुणा, आणि मधला भाग घासून घासून लख्ख. गंज म्हणावा तर जिथे हात पोचत नाही तिथे, पायांच्या आतल्या बाजूला. मी कळवळून विचारलं, “याला काय लावता?”

त्यानं टेबलाकडे असं बघितलं की ते तिथे आहे हे त्याला मीच सांगितलं असावं. “याला? याला काम लावलंय.”

घरी येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. मेहुण्यांनी लगेच विचारलं, “कुठल्या कंपनीचं?”

बेंचचा काहीच उपयोग झाला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. वैशाखात त्याच्या खाली पेंढा पसरून हापूसची अढी घातली. सावली छान पडते. घरात कोणी आलं की त्यांना चहाआधी बेंच दाखवता येतं. प्लास्टिक, चादर, वर्तमानपत्रं आणि प्लायवूड उचलून मी एक कोपरा उघडा करतो, पाहुणे वाकून बघतात, “वा!” म्हणतात, आणि लगेच त्यांचा हात तिकडे जातो. तो हात मी वाटेतच धरतो. एका दूरच्या साडूंनी माझा हात प्रेमानं दाबला आणि म्हणाले, “निवृत्तीनंतर असं मन गुंतायला काहीतरी हवंच.”

पुढच्या पावसाळ्यात मागचं दार फुगलं. लागेना की उघडेना. सुताराला बोलावलं. त्यानं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, पाठीवर घेतलं आणि पावसातून थेट गॅरेजमध्ये आणलं. रंधा, पटाशी आणि करवत यांची पिशवी खांद्याला. अर्ध्या शटरखालून वाकून तो आत शिरला. आत आंब्याच्या पेट्या, पाळणा, पंखे, ड्रिलचं स्टूल, आणि मधोमध सुंभांच्या आत, चादरीखाली, ते. दार पाठीवर धरूनच त्यानं चारी बाजूंना नजर फिरवली. पाणी ठिबकत होतं. मी सुंभांना पाठ करून, हात पसरून उभा राहिलो होतो.

“साहेब,” तो म्हणाला, “हे जे काही झाकून ठेवलंय ते जरा बाहेर काढता का? काम करायला जागाच नाही.”